राजभवनानंतरची पोटनिवडणूक

राज्यपालपदावरून निवृत्त झालेल्या माणसाने पुढे काय करावे, याविषयी आपल्या सार्वजनिक जीवनात एक न बोललेली समजूत आहे. त्याने सत्कार स्वीकारावेत, ग्रंथांना प्रस्तावना लिहाव्यात, शिक्षणसंस्थांच्या पारितोषिक समारंभांना अध्यक्ष म्हणून जावे आणि निवडणुकीच्या धुळीपासून दूर राहावे. माधव श्रीहरी अणे, म्हणजे सगळ्या विदर्भाचे लोकनायक बापूजी अणे, यांनी ही समजूत पाळली नाही. १९४८ ते १९५२ या काळात बिहारचे राज्यपाल राहिलेला हा माणूस १९५९ साली, ऐंशीच्या उंबरठ्यावर असताना, नागपूर लोकसभा मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीला अपक्ष म्हणून उभा राहिला आणि निवडून आला. १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीतही नागपूरने त्यांनाच दिल्लीला पाठवले. त्यांच्या दीर्घ कारकिर्दीतील अनेक मोठ्या पदांपेक्षा मला ही शेवटची, त्या मानाने लहान जागा अधिक महत्त्वाची वाटते, आणि ती का वाटते हे नीट मांडण्याचा प्रयत्न मी येथे करणार आहे.

बापूजींचा जन्म २९ ऑगस्ट १८८० चा, यवतमाळ जिल्ह्यातील वणीचा. नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून ते पदवीधर झाले, काही वर्षे त्यांनी अमरावतीला शाळेत शिकवले, कलकत्ता विद्यापीठाची कायद्याची पदवी घेतली आणि यवतमाळला वकिली सुरू केली. जिल्ह्याच्या गावातला, संस्कृत जाणणारा, टिळकांना गुरुस्थानी मानणारा वकील हे त्या पिढीचे एक ओळखीचे रूप होते आणि त्या रूपातली बहुतेक माणसे आपापल्या जिल्ह्यातच मोठी होऊन तिथेच थांबली. बापूजी थांबले नाहीत, याचे श्रेय त्यांच्या बुद्धीला जितके जाते तितकेच ते ज्या प्रदेशातून आले त्या प्रदेशाच्या विचित्र घटनात्मक अवस्थेलाही द्यावे लागते.

वऱ्हाड त्या काळी कायद्याच्या भाषेत ब्रिटिश हिंदुस्थानात नव्हताच. १८५३ साली निजामाने हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या थकबाकीपोटी तो इंग्रजांच्या हवाली केला, १९०२ साली लॉर्ड कर्झनने वर्षाला २५ लाख रुपये देण्याच्या बोलीवर तो कायमच्या पट्ट्याने घेतला आणि पुढच्याच वर्षी त्याचा कारभार मध्य प्रांताला जोडून दिला. सार्वभौमत्व नावापुरते हैदराबादचे, हुकूम नागपूरचा आणि कापसाचा पैसा मात्र वऱ्हाडचा, अशी ती स्थिती होती. ‘आमच्या महसुलातून वरकड रक्कम उरते आणि ती प्रांताच्या दुसऱ्या भागांवर खर्च होते’ ही वऱ्हाडची तक्रार त्या काळापासूनची आहे. १९१९ च्या सुधारणांनंतर मध्यवर्ती विधिमंडळात वऱ्हाडला एक जागा मिळाली, पण ती भरण्याची रीत अशी की वऱ्हाडच्या मतदारांनी निवडणुकीने माणूस ठरवायचा आणि सरकारने त्याला ‘नियुक्त’ म्हणून जाहीर करायचे, कारण ब्रिटिश हिंदुस्थानच्या बाहेरचा प्रदेश तिथे थेट प्रतिनिधी पाठवू शकत नव्हता. १९२० च्या दशकात बापूजी या जागेवर दिल्लीला गेले. ज्याच्या मतदारसंघाचे अस्तित्वच कायद्याला पुरते मान्य नाही, त्या सभासदाला आपल्या प्रदेशाचे वेगळेपण दररोज सिद्ध करावे लागते. मला वाटते, विदर्भ ही एक स्वतंत्र राजकीय घटक म्हणून मांडण्याची त्यांची सवय या जागेवर घडली.

त्याला आणखी एक कारण आमच्या शहरात घडले होते. डिसेंबर १९२० मध्ये काँग्रेसचे अधिवेशन नागपूरला भरले. टिळक त्याच वर्षी १ ऑगस्टला गेले होते आणि या अधिवेशनात काँग्रेसची सूत्रे गांधीजींच्या हाती आली. असहकाराचा ठराव सर्वांच्या लक्षात राहिला, परंतु याच अधिवेशनाने काँग्रेसच्या प्रांतिक समित्या भाषेच्या आधारावर नव्याने बांधायचे ठरवले, आणि त्या रचनेत वऱ्हाडची समिती वेगळी झाली, तर नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा (आजचे चंद्रपूर) या मराठी मध्य प्रांताची वेगळी झाली. वऱ्हाडच्या, म्हणजे विदर्भाच्या समितीचे अध्यक्षपद १९२१ पासून १९३० पर्यंत बापूजींकडे होते. म्हणजे ते ज्या संघटनेचे प्रमुख होते तिच्या हद्दीत नागपूर येत नव्हते. वऱ्हाडकर आणि नागपूरकर यांच्यातली चढाओढ ज्यांनी घराघरांतून ऐकली आहे, त्यांना पुढे चार दशकांनी नागपूरने या वऱ्हाडच्या माणसाला आपला खासदार केले यातले मर्म वेगळे सांगायला नको.

टिळकांच्या मुशीतून आलेला हा माणूस गांधीजींच्या काँग्रेसमध्ये सरळ रेषेत चालला नाही. विधिमंडळांवरचा बहिष्कार त्यांना पटला नव्हता. जयकर, केळकर, मुंजे यांच्याबरोबर ते प्रतिसहकार पक्षात गेले. मिळालेली सत्ता वापरायची आणि तिच्या मर्यादा आतून दाखवायच्या ही त्या पक्षाची भूमिका होती. हिंदुस्थानच्या राज्यघटनेचा आराखडा मांडणाऱ्या १९२८ च्या नेहरू समितीच्या अहवालावर मोतीलाल नेहरू, तेजबहादूर सप्रू, सुभाषचंद्र बोस यांच्यासह त्यांचीही सही आहे. आणि तरीही १९३० साली कायदेभंगाची हाक आली तेव्हा विधिमंडळातला हा वकील जुलै महिन्यात पुसदच्या राखीव जंगलात गवत कापायला गेला आणि पकडला गेला. वऱ्हाडाला समुद्र नाही. शेतकऱ्याच्या जनावरांना चारा देणारे रान सरकारने राखीव केले होते, म्हणून इथला सत्याग्रह जंगलाचा झाला. आपल्या प्रदेशाला कोणता कायदा खरोखर टोचतो हे ओळखून लढा द्यायचा, हे शहाणपण त्या निवडीत होते.

त्यांच्यावर सोपवली गेलेली कामे पाहिली की काँग्रेस त्यांच्याकडे कोणत्या नजरेने पाहत होती ते कळते. १९३१ साली बंगालमध्ये सुभाषबाबू आणि सेनगुप्ता यांच्या गटांतला वाद विकोपाला गेला, तेव्हा लवाद म्हणून बापूजींना पाठवले गेले. १९३३ मध्ये पुढारी एकामागून एक तुरुंगात असताना काँग्रेसचे कार्यकारी अध्यक्षपद त्यांच्याकडे होते. त्या मे महिन्यात गांधीजींनी हरिजनकार्यासाठी एकवीस दिवसांचे उपोषण सुरू केले आणि त्यांच्या सल्ल्यावरून कायदेभंगाची चळवळ सहा आठवड्यांसाठी स्थगित केल्याची घोषणा बापूजींच्या नावाने निघाली. विठ्ठलभाई पटेल आणि सुभाषबाबूंनी व्हिएन्नाहून या निर्णयावर कडक टीका केली. ज्या आज्ञेमागचा निर्णय दुसऱ्याचा असतो तिच्याखाली सही करण्याचे हे काम अवघड असते आणि बापूजींनी ते निभावले.

पुढच्याच वर्षी मात्र ते काँग्रेसच्या विरोधात उभे राहिले. ब्रिटिश सरकारने विधिमंडळांतल्या जागा आणि मतदारसंघ जमातवार वाटून देणारा जो जातीय निवाडा १९३२ साली दिला, त्याबाबत काँग्रेसने ‘स्वीकारही नाही, नकारही नाही’ अशी भूमिका घेतली, ती पंडित मदनमोहन मालवीय आणि अणे या दोघांनाही मान्य नव्हती. निवाडा वाईट आहे असे मनात मानायचे आणि तसे म्हणायचे मात्र नाही, हे त्यांना अप्रामाणिक वाटले. ऑगस्ट १९३४ मध्ये त्यांनी काँग्रेस राष्ट्रीय पक्ष काढला आणि मध्यवर्ती विधिमंडळात बापूजी त्याचे नेते झाले. निवाड्याविषयीचे त्यांचे मत बरोबर होते की नाही, यावर आज मतभेद होऊ शकतात, आणि माझेही ते सर्वस्वी पटत नाही. परंतु कालपर्यंत ज्या पक्षाचे अध्यक्षपद सांभाळले त्या पक्षाला वर्षभरात जाहीरपणे सोडण्यासाठी लागणारी हिंमत पदासाठी सोडणाऱ्यांच्या हिमतीपेक्षा वेगळी असते.

आता जिथे थांबायला हवे तिथे येते. १९४१ साली व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी आपल्या कार्यकारी मंडळाचा विस्तार केला आणि त्यात बापूजींना परदेशस्थ भारतीयांचे खाते मिळाले. प्रतिसहकाराच्या जुन्या विचाराशी ते सुसंगत होते, आणि १९४२ मध्ये ब्रह्मदेशातून पायी, उपाशी, आजारी अशा स्थितीत हिंदुस्थानात परतणाऱ्या लाखो भारतीयांची जबाबदारी ज्या खात्यावर पडली ते हेच खाते होते. पण त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये काँग्रेसचे सारे नेते पकडले गेले आणि बापूजी त्या सरकारात बसून राहिले. १६ ऑगस्ट १९४२ ला चांदा जिल्ह्यातल्या चिमूरला आणि वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीला लोकांचा उठाव झाला. त्यानंतर चिमुरात लष्कर आणि पोलीस शिरले आणि गावातल्या स्त्रियांवर अत्याचार झाल्याच्या हकिकती बाहेर आल्या. या अत्याचारांची चौकशी व्हावी म्हणून सेवाग्राम आश्रमातले प्राध्यापक भन्साळी दिल्लीला गेले ते बापूजींच्याच घरी, कारण सरकारात आपल्या मुलखाचा माणूस तोच होता. तिथे त्यांनी उपोषण सुरू केले, तेव्हा पोलिसांनी त्यांना पकडून परत पाठवले. पुढे हे उपोषण त्रेसष्ट दिवस चालले आणि १२ जानेवारी १९४३ ला, मध्य प्रांताचे माजी मुख्यमंत्री डॉ. ना. भा. खरे यांच्या मध्यस्थीनंतर, सुटले.

ही हकिकत मी अनेक वेळा वाचली आहे आणि तिला बगल देऊन बापूजींविषयी लिहिणे मला मान्य नाही. वणी आणि चिमूर यांच्यामध्ये वर्धा नदी आहे आणि पलीकडे काही तासांचे अंतर आहे. ज्या माणसाने आयुष्यभर ‘माझा प्रदेश’ म्हणून बोलण्याचा अधिकार मागितला, त्याच्याच दारात त्या प्रदेशातल्या बायकांच्या अब्रूसाठी एक जण अन्नत्याग करून बसला होता, आणि दाराच्या आतला माणूस सरकारचा सभासद होता. मंत्रिमंडळाच्या शिस्तीचे, युद्धकाळाचे, आतून काही करता येईल या आशेचे जे काही समर्थन देता येईल, ते सगळे मी मनाशी मांडून पाहिले आहे, पण त्याने मला समाधान मिळत नाही. त्या क्षणी ते चिमूरला जायला हवे होते.

फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींनी आगाखान पॅलेसमध्ये उपोषण आरंभले, सरकारने त्यांना सोडण्यास नकार दिला, आणि त्यावर होमी मोदी, नलिनीरंजन सरकार आणि अणे या तिघांनी कार्यकारी मंडळाचा राजीनामा दिला. बापूजींचे चरित्र सांगणारे बहुधा या राजीनाम्यापासूनच १९४३ ची कथा सुरू करतात. राजीनामा खरा होता, त्याला किंमत होती, आणि सत्तेच्या शिखरावरून तो दिला गेला होता. परंतु भन्साळींच्या उपोषणाने जे झाले नाही ते गांधीजींच्या उपोषणाने झाले, ही गोष्टही त्याच पानावर लिहायला हवी.

या ठिकाणी नागपूरच्या लोकसभेच्या जागेचा इतिहास स्वतःच काही सांगतो. बापूजींच्या आधी ही जागा १९५२ आणि १९५७ या दोन्ही निवडणुकांत अनसूयाबाई काळे यांची होती. १९३७ च्या मध्य प्रांत-वऱ्हाड विधानसभेत त्या उपसभापती होत्या, आणि आष्टी-चिमूर खटल्यात फाशीची शिक्षा झालेल्यांचे प्राण वाचावेत म्हणून ज्यांनी जिवापाड धडपड केली त्यांत त्यांचे नाव पुढे घेतले जाते. त्या शिक्षा १९४५ मध्ये जन्मठेपेत बदलल्या. १९५८ साली अनसूयाबाई गेल्या, त्यामुळे पोटनिवडणूक लागली, आणि चिमूरच्या माणसांसाठी झटलेल्या बाईंच्या रिकाम्या जागेवर चिमूरच्या वेळी सरकारात असलेले बापूजी आले. नागपूरच्या मतदारांना हे ठाऊक नव्हते असे नाही. सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट होती आणि माणसे तीच होती. मग त्यांनी मत का दिले?

याचे उत्तर मला आमच्या घरातून मिळाले. माझे आजोबा सिव्हिल लाइन्समधल्या जुन्या सचिवालयात कारकून होते. १८६१ पासून नागपूर हे प्रांताच्या राजधानीचे शहर होते. सचिवालय, उच्च न्यायालय, विधानसभा, खात्यांची मुख्यालये यांच्याभोवती इथल्या मध्यमवर्गाचे आयुष्य बांधलेले होते. राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ च्या अहवालात आठ मराठी जिल्ह्यांचे वेगळे विदर्भ राज्य करावे अशी स्पष्ट शिफारस केली होती. त्या आयोगापुढे विदर्भाची बाजू मांडणाऱ्यांत बापूजी आणि ब्रिजलाल बियाणी हे अग्रभागी होते. शिफारस बाजूला पडली. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला, मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळला गेली आणि आमच्या शहराकडे एकाही राज्याची राजधानी उरली नाही. कचेऱ्या बांधून निघाल्या, फायली निघाल्या, आणि कर्मचाऱ्यांची वाटणी झाली. कोणी भोपाळला, कोणी मुंबईला. आजोबांच्या वाट्याला मुंबई आली. आजी मुलांना घेऊन धंतोलीतल्या भाड्याच्या घरात राहिली, कारण मुंबईत कुटुंब ठेवण्याएवढा त्यांचा पगार नव्हता.

आजीने अनसूयाबाईंना दोन्ही वेळा मत दिले होते आणि काँग्रेसखेरीज दुसऱ्या कोणाला मत देता येते ही कल्पना तिला १९५९ पर्यंत शिवली नव्हती. त्या पोटनिवडणुकीत तिने बापूजींना मत दिले. मी कॉलेजात असताना एकदा तिला कारण विचारले, तेव्हा ती म्हणाली, “अगं, तुझे आजोबा गेले, ऑफिस गेलं, सगळे म्हणत होते आता झालं ते झालं. तो म्हातारा एकटा म्हणत होता की झालं ते बरोबर नाही झालं.” तिचे राजकारण एवढेच होते, पण ते चुकीचे नव्हते. शहराचे काय हरवले हे दिल्लीत सांगणारा कोणी तरी हवा होता, आणि ज्याला आता स्वतःसाठी काही मिळवायचे उरलेले नाही असा माणूस त्यासाठी पुढे आला होता.

मधल्या काळाविषयी फार सांगण्यासारखे नाही. १९४३ ते १९४७ बापूजी सिलोनमध्ये भारत सरकारचे प्रतिनिधी होते. चहामळ्यांवर राबणाऱ्या तमिळ मजुरांच्या हक्कांचा प्रश्न तेव्हा तिथे पेटत चालला होता. नंतर संविधान सभा आणि जानेवारी १९४८ पासून पाटण्याचे राजभवन. ही सन्मानाची पदे होती आणि त्यांनी ती सन्मानाने सांभाळली. मात्र १९५२ मध्ये राज्यपालपद सोडल्यावर त्यांनी ज्या प्रश्नाला हात घातला तो तीस वर्षांपूर्वी हाती घेतलेलाच होता. फरक एवढाच की तेव्हा ते वऱ्हाडापुरते बोलत होते आणि आता नागपूरसह सगळ्या विदर्भासाठी बोलत होते. दोन वेगवेगळ्या काँग्रेस समित्यांत विभागलेला प्रदेश या काळात एका मागणीभोवती जुळला, आणि नाग-विदर्भ आंदोलन समितीच्या पाठिंब्यावर त्यांनी लढवलेल्या नागपूरच्या निवडणुका हे त्या जुळणीचे सगळ्यात ठळक चिन्ह होते.

लोकसभेतल्या एकट्या अपक्ष सभासदाच्या हाती किती असते, हे बापूजींपेक्षा चांगले कोणाला ठाऊक असणार? वऱ्हाडच्या एकमेव जागेवरून त्यांनी कारकीर्द सुरू केली होती. १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झाले, त्यात विदर्भ आला, विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन नागपूरला भरू लागले आणि वेगळ्या राज्याची मागणी त्यांच्या हयातीत पुरी झाली नाही. ती पुरी व्हायला हवी होती की नाही, यावर माझ्या ओळखीच्या घरांत आजही दोन मते आहेत, एकाच जेवणाच्या पानावर बसून वाद घालणारी. मला स्वतःला महाराष्ट्र हवा आहे. तरीही विदर्भासह मराठी प्रदेशांचे एक राज्य करण्यासाठी झालेल्या १९५३ च्या नागपूर कराराने लोकसंख्येच्या प्रमाणात खर्चाचे जे आश्वासन दिले, त्याचा हिशेब प्रादेशिक असमतोल तपासणाऱ्या १९८४ च्या दांडेकर समितीला अनुशेषाच्या आकड्यांत मांडावा लागला, तेव्हा वऱ्हाडच्या वरकड महसुलाची जुनी तक्रारच नव्या कागदावर आली होती. हा हिशेब कोणी तरी सतत मागत राहावा लागतो. बापूजींनी तो सनदशीर मार्गाने, मेमोरँडम, भाषणे, प्रश्न आणि निवडणूक यांतून मागितला. नागपूरच्याच जागेवरून १९७१ साली निवडून आलेल्या जांबुवंतराव धोट्यांनी तो रस्त्यावर उतरून मागितला. दोघांच्या रीतीत जमीन-अस्मानाचे अंतर आहे आणि लोकांनी दोघांनाही निवडून दिले आहे.

१९६७ च्या निवडणुकीनंतर ही जागा पुन्हा काँग्रेसकडे गेली. सत्याऐंशीव्या वर्षी बापूजी संसदेतून मोकळे झाले. आयुष्याच्या उत्तरार्धात ते टिळकांच्या चरित्रावर संस्कृतात महाकाव्य रचत होते आणि ते त्यांनी तडीस नेले. त्याला १९७३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तेव्हा ते हयात नव्हते. २६ जानेवारी १९६८ ला त्यांचे निधन झाले आणि त्याच वर्षीच्या पद्मविभूषण मानकऱ्यांत त्यांचे नाव आहे. शाळांच्या भाषणस्पर्धांतून त्यांचा परिचय अजूनही बिहारचे राज्यपाल आणि व्हाइसरॉयच्या मंडळाचे सभासद असा करून दिला जातो. माझ्या आजीच्या पिढीला ते नागपूरचे खासदार म्हणून ठाऊक होते. त्या स्पर्धांच्या परीक्षक म्हणून मला बोलावतात तेव्हा मी मुलांना १९५९ ची पोटनिवडणूक वाचून यायला सांगते, आणि मोठ्या वर्गातल्यांना तिच्यासोबत चिमूरही.